‘जांभई आवरा’ ही सूचना आणि मेंदू : नॉटिंगहॅममधील एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील स्टीफन जॅक्सन, जॉर्जिना जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगाची मांडणी वरवर पाहता अगदी साधी होती. दुसरी व्यक्ती जांभई देत आहे अशा चित्रफिती ३६ प्रौढ व्यक्तींना दाखवण्यात आल्या. काही सत्रांत त्यांना ‘जांभई आली तर येऊ द्या’ असे सांगितले गेले, तर काही सत्रांत ‘जांभई आवरा’ असे. सहभागी व्यक्तींचे चित्रीकरण अखंड चालू होते आणि त्यावरून पूर्ण जांभया व मध्येच दाबलेल्या जांभया अशा दोन्ही मोजण्यात आल्या. जांभईची ऊर्मी किती तीव्र आहे, हेही त्या व्यक्ती प्रयोग चालू असताना सतत नोंदवत होत्या.

सूचनेने जांभई आवरता येते का, याचे उत्तर मात्र एका वाक्यात मावणारे निघाले नाही. आवरण्याची सूचना मिळाल्यावर जांभईची ऊर्मी कमी होण्याऐवजी वाढली. जांभयांचे रूपही बदलले, म्हणजे तोंड पूर्ण उघडून दिलेल्या जांभयांची जागा दाबलेल्या जांभयांनी घेतली. परंतु दुसऱ्याला पाहून जांभई येण्याचा त्या त्या व्यक्तीचा मूळचा कल या सूचनेने हलला नाही. ज्यांना अशा जांभया चटकन येत, त्यांना त्या येतच राहिल्या, फक्त दाबलेल्या रूपात. एकाच सूचनेचा ऊर्मीवर एक परिणाम, कृतीच्या रूपावर दुसरा आणि कृतीच्या कलावर जवळजवळ शून्य, अशी ही स्थिती आहे, आणि प्रस्तुत अभ्यासाचा विषय तीच आहे. या प्रयोगाचा उल्लेख बहुधा ‘जांभई एकाची दुसऱ्याला का लागते’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून केला जातो. माझ्या मते त्याचे अधिक मोलाचे अंग निराळे आहे: एखादी गोष्ट करावीशी वाटणे आणि ती गोष्ट घडणे यांचा मेंदूतील कारभार एकाच ठिकाणाहून चालत नाही, हे तो एका निरुपद्रवी कृतीच्या आधारे दाखवून देतो.

जांभईच का निवडली

ऊर्मीचा अभ्यास करू पाहणाऱ्याची मुख्य अडचण ही की बहुतेक ऊर्मी प्रयोगशाळेत हव्या तेव्हा उत्पन्न करता येत नाहीत. शिंक मागून येत नाही, आणि खाज निर्माण करायची तर त्वचेला काहीतरी लावावे लागते. जांभई याला अपवाद आहे. अमेरिकेतील मेरीलँडमधील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८६ मध्ये दाखवले की पाच मिनिटे जांभयांची चित्रफीत पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्या अवधीत स्वतः जांभई देतात, आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रफीत पाहणाऱ्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. जांभईविषयी नुसते वाचूनही ती येते. म्हणजे उद्दीपक निरुपद्रवी आहे, परिणाम कॅमेऱ्याने मोजता येतो आणि त्याआधीची ऊर्मी त्या व्यक्तीला स्वतःला स्पष्ट जाणवते. अभ्यासकाला याहून सोयीचे काही मिळणे कठीण.

जांभईविषयीची एक समजूत येथेच बाजूला ठेवली पाहिजे, कारण ती ऊर्मीच्या चर्चेत विनाकारण आडवी येते. रक्तातील प्राणवायू कमी झाला की जांभई येते, असे अनेक पिढ्या शिकवले गेले आहे. प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये लोकांना शुद्ध प्राणवायू आणि नेहमीपेक्षा बराच अधिक कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून देऊन पाहिली. श्वासाची गती बदलली, जांभयांची संख्या बदलली नाही. नाक चिमटीत धरूनही समाधानकारक जांभई देता येते. दात घट्ट मिटून ती देऊ पाहिली, तर मात्र काहीतरी अडकून राहिल्याची अस्वस्थ भावना येते. यावरून असे दिसते की जांभईच्या समाधानाचा संबंध हवेपेक्षा जबडा पूर्ण ताणला जाण्याशी अधिक आहे. दाबलेल्या जांभईने ऊर्मी का शमत नाही, याचा पहिला धागा येथे मिळतो.

ही कृती सरासरी सहा सेकंदांची असते: दीर्घ श्वास, जबड्याचा पूर्ण ताण, आणि मग झपाट्याने सुटणारा उच्छ्वास. एकदा सुरू झाली की ती आपल्या क्रमाने पूर्ण होऊ पाहते. तिचे मूळ यंत्रणेच्या दृष्टीने फार जुने आहे. गर्भाच्या अकराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत जांभईसारखी हालचाल दिसू लागते, आणि ज्यांच्या मेंदूचा वरचा मोठा भाग घडलेलाच नसतो अशा अर्भकांतही जांभई आढळलेली आहे. अर्थात ती पार पाडण्यास मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणारा तळाचा भाग, पुरेसा आहे. त्यावर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातील पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्राचा प्रभाव असतो आणि त्यात डोपामिन व ऑक्सिटोसिन या रसायनांचा सहभाग असतो. म्हणूनच डोपामिनसारखे कार्य करणाऱ्या अपोमॉर्फिनसारख्या औषधाने, तसेच नैराश्यावरील काही औषधांनी, झोपेशी संबंध नसलेल्या जांभया येतात.

पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये दिसणाऱ्या दोन घटना या संदर्भात फार बोलक्या आहेत. काही रुग्णांचा हात इच्छेने तसूभरही हलत नाही, पण जांभई आली की तोच हात आपोआप वर उचलला जातो आणि जांभई संपताच खाली येतो. ऑलिव्हिए वालुसिन्स्की यांनी २००५ मध्ये या घटनेला ‘पॅराकायनेशिया ब्रेकियालिस ऑसिटान्स’ असे नाव दिले. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण ‘तोंड उघडा’ असे सांगितल्यावर प्रयत्न करूनही ते उघडू शकत नाहीत. फॉ-शाव्हानी-मारी सिंड्रोम या नावाने ही स्थिती ओळखली जाते. त्यांनाही जांभई मात्र येते, आणि त्या वेळी तोंड पूर्ण उघडते. स्नायू तेच आहेत, त्यांच्यापर्यंत पोचणारे आदेश मात्र दोन निराळ्या वाटांनी येतात: इच्छेची वाट मेंदूच्या बाह्यपटलातून (कॉर्टेक्स) खाली उतरते, जांभईची वाट तिच्यावाचूनही चालू शकते.

पाहून येणारी जांभई आणि तिची आधीची स्पष्टीकरणे

आपोआप येणारी जांभई जन्माआधीपासून असली, तरी दुसऱ्याची पाहून येणारी जांभई मुलांमध्ये साधारण चौथ्या वर्षापासून ठळकपणे दिसू लागते. एवढ्या जुन्या यंत्रणेला इतका नवा चालक कसा मिळाला, याची दोन स्पष्टीकरणे विशेष रुजली.

पहिले आरसा-चेतापेशींचे. इटलीतील पार्मा येथे माकडांवरील प्रयोगांत, कृती करताना आणि तीच कृती दुसऱ्याने केलेली पाहताना अशा दोन्ही वेळी सक्रिय होणाऱ्या चेतापेशी आढळल्या आणि १९९२ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. जांभईचे अनुकरण याच जाळ्यातून होत असावे, हा तर्क त्यानंतर ओघानेच आला. परंतु मेंदूच्या चित्रणातून त्याला एकमुखी पाठिंबा मिळाला नाही. फिनलंडमधील संशोधकांना २००५ मध्ये जांभया पाहताना कानशिलाच्या भागातील एका खोबणीत सक्रियता दिसली, पण आरसा-चेतापेशींच्या जाळ्याचा गाभा मानल्या जाणाऱ्या कपाळाकडील भागात ती दिसली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात स्वतःविषयीच्या विचाराशी जोडलेले मागचे मध्यवर्ती भाग पुढे आले, २००९ मध्ये कपाळामागचा आतला, खालचा भाग, आणि २०१३ मध्ये पुन्हा आरसा-जाळ्याशी जोडलेला उजव्या बाजूचा एक भाग. प्रत्येक अभ्यासात तुलनेसाठी दाखवलेले चेहरे व हालचाली वेगळ्या होत्या, आणि डोके स्थिर ठेवण्याच्या अटीमुळे मुळात जांभईच द्यायची नाही असे बंधन होते. दाबलेली जांभई आणि न आलेली जांभई यांतला फरक अशा चित्रणात सहज हरवतो.

दुसरे स्पष्टीकरण सहानुभूतीचे. ते लोकांना आवडते, कारण त्यात माणसाविषयी काहीतरी चांगले सांगितले जाते. २०११ मध्ये इटलीतील नॉर्सिया आणि पलाजी यांना रोजच्या जीवनातील निरीक्षणांत आढळले की परक्यांपेक्षा मित्रांची, आणि मित्रांपेक्षा नातलगांची जांभई अधिक लागते. पण जवळच्या माणसाकडे आपण अधिक पाहतो, हेही तितकेच खरे आहे. स्वमग्न मुलांना दुसऱ्याची जांभई कमी लागते असे आधी आढळले होते. त्यांचे लक्ष चित्रफितीतील डोळ्यांकडे किंवा चेहऱ्याकडे राहील अशी व्यवस्था केल्यावर हा फरक पुसट झाला. सहानुभूतीच्या स्पष्टीकरणाला सर्वांत मोठा धक्का ड्यूक विद्यापीठातून बसला. तेथील २०१४ सालच्या अभ्यासात ३२८ निरोगी व्यक्तींना तीन मिनिटांची जांभयांची चित्रफीत दाखवण्यात आली. त्यांपैकी २२२ जणांनी किमान एकदा जांभई दिली, आणि कोणाला किती जांभया येतात हे वेगवेगळ्या वेळच्या चाचण्यांत बरेचसे कायम राहिले. सहानुभूतीच्या गुणांशी, झोपाळूपणाशी किंवा बुद्धीच्या चाचण्यांशी त्याचा अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. वयाचा संबंध मिळाला, पण त्याने व्यक्तींमधील तफावतीपैकी केवळ ८ टक्के भाग उलगडला.

म्हणजे २०१७ पर्यंतची स्थिती अशी होती: माणसागणिक कल निश्चितपणे वेगळा आहे, तो टिकाऊ आहे, आणि तो कशावर अवलंबून आहे हे मनाच्या नेहमीच्या मोजमापांतून कळत नाही. नॉटिंगहॅमच्या गटाने प्रश्नावल्या बाजूला ठेवून थेट हालचालींच्या यंत्रणेचे गुणधर्म मोजायचे ठरवले.

मापन

त्यासाठी वापरलेले तंत्र ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस, हे होते. शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते प्रथम माणसाच्या मेंदूवर यशस्वीपणे वापरले. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून आत जाते आणि खालच्या मेंदूत विद्युतप्रवाह निर्माण करते. वेटोळे मेंदूच्या मोटर कॉर्टेक्स या, हालचालींचे आदेश देणाऱ्या भागावर असेल तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा स्नायू क्षणभर आकसतो. तो आकसण्यासाठी कमीत कमी किती जोर लागतो, आणि जोर वाढवत नेला की प्रतिसाद किती झपाट्याने वाढतो, यांवरून त्या भागाची उत्तेजनक्षमता कळते.

निरोध, म्हणजे चेतापेशींची सक्रियता आवरणारी प्रक्रिया, मोजण्याची युक्ती अधिक सुबक आहे. मुख्य स्पंदाच्या काही मिलिसेकंद आधी एक सौम्य स्पंद दिला, तर स्नायूचा प्रतिसाद वाढण्याऐवजी घटतो, कारण त्या सौम्य स्पंदाने आधी निरोधक चेतापेशी जाग्या होतात आणि त्या गाबा या रसायनाच्या साहाय्याने शेजारच्या पेशींना आवरतात. दोन स्पंदांतील अंतर सुमारे १०० मिलिसेकंद ठेवून दोन्ही जोरदार दिले, तर गाबाच्याच दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांमार्फत (रिसेप्टर) चालणारा, अधिक काळ टिकणारा निरोध मोजता येतो. व्यक्तीला यात काही ठरवायचे नसते, प्रयत्न करायचा नसतो. हा निरोध म्हणजे इच्छाशक्ती नव्हे. ती पेशींच्या पातळीवरची ठेवण आहे. शोधनिबंधात त्याला शारीरक्रियात्मक निरोध असे म्हटले आहे, आणि हा भेद वाचताना निसटला तर पुढचे सारे निष्कर्ष चुकीचे वाचले जातात.

या मापांवरून, कोणाला पाहून जांभई येण्याचा कल किती असेल याचे भाकीत करता येते का, हे तपासले गेले. उत्तेजनक्षमता आणि निरोध ही दोन्ही मापे अर्थपूर्ण ठरली, आणि त्यांनी मिळून व्यक्तीव्यक्तींमधील तफावतीचा सुमारे ५० टक्के भाग उलगडला. बाहेरून सौम्य विद्युत उत्तेजन देऊन उत्तेजनक्षमता वाढवली असता जांभई लागण्याचा कलही वाढतो, असेही या गटाने सांगितले. केवळ सहसंबंधापेक्षा हा पुरावा एक पायरी वरचा आहे.

या ५० टक्क्यांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. एखाद्या जांभईचे अर्धे कारण मोटर कॉर्टेक्समध्ये आहे, असा त्याचा अर्थ नाही. ३६ व्यक्तींमध्ये कलाचा जो फरक होता, त्यापैकी निम्मा या मापांच्या आधारे सांगता आला, एवढाच त्याचा अर्थ आहे. वयाच्या ८ टक्क्यांशी त्याची तुलना केली तर तो भव्य वाटतो, पण तुलना करताना दोन गटांचा आकार लक्षात घेतला पाहिजे. लहान गटावर अनेक मापांचे समीकरण बसवले की ते त्या गटाला नेमके बसते, आणि मोठ्या गटात तीच मापे सहसा थोडी कमी कामगिरी करतात. शिवाय टीएमएसची अशी मापे सर्वसाधारणपणे हाताच्या स्नायूंवरून घेतली जातात, आणि जांभई ही जबडा, घसा व श्वासाच्या स्नायूंची कृती आहे. मोटर कॉर्टेक्समधील हाताच्या पट्ट्याची ठेवण जबड्याविषयी काही सांगत असेल, तर ती ठेवण संपूर्ण मोटर कॉर्टेक्सभर सारखी असावी लागेल. हे गृहीतक अवास्तव नाही, पण ते गृहीतक आहे.

सूचनेने काय केले आणि काय केले नाही

आता मूळ विसंगतीकडे वळू. सूचनेने कल का बदलला नाही, याचे उत्तर वरच्या मापनातून बरेचसे मिळते. कल ज्या ठेवणीवर अवलंबून आहे, ती पेशींच्या उत्तेजन व निरोधाची ठेवण ‘आवरा’ या शब्दाने पालटत नाही. पाहिलेली जांभई आत एक प्रक्रिया सुरू करते. ती सुरू होणार की नाही, हे सूचना ऐकून ठरत नाही. सूचना पोचते ती शेवटच्या टप्प्यावर, जेथे इच्छेच्या वाटेने ओठ मिटता येतात, जबडा धरून ठेवता येतो, श्वास नाकावाटे सोडता येतो. पक्षाघाताच्या रुग्णांत ज्या दोन वाटा आजारामुळे सुट्या झालेल्या दिसतात, त्याच दोन वाटा दाबलेल्या जांभईत निरोगी माणसाच्या एकाच जबड्यात समोरासमोर येतात. घोड्याला टाच मारावी आणि त्याच वेळी लगामही खेचावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच दाबलेल्या जांभया वेगळ्या मोजण्याचा निर्णय या प्रयोगात कळीचा ठरला. फक्त उघड्या तोंडाच्या जांभया मोजल्या असत्या तर निष्कर्ष उलटा निघाला असता: सूचना दिली, जांभया घटल्या, म्हणजे माणसाला जांभई आवरता येते.

ऊर्मी का वाढली, हा अधिक अवघड भाग आहे, आणि त्याला किमान तीन उत्तरे संभवतात.

पहिले लक्षाशी निगडित आहे. एखादी गोष्ट घडू द्यायची नाही असे ठरवले की ती घडते आहे का याची टेहळणी सुरू होते, आणि टेहळणी त्याच गोष्टीला जागे ठेवते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून हे विचारांच्या बाबतीत दाखवले होते. जांभईच्या प्रयोगात तर ऊर्मीची तीव्रता सतत नोंदवायची होती, म्हणजे टेहळणी कामाचाच भाग होती. पण ती दोन्ही प्रकारच्या सत्रांत होती, त्यामुळे सत्रांमधील फरक केवळ तिच्यावर ढकलता येत नाही.

दुसरे उत्तर सरळ आहे: जी कृती पूर्ण झाली की ऊर्मी शमते ती पूर्ण होऊ दिली नाही, म्हणून ऊर्मी साचली. दात मिटून दिलेल्या जांभईची अस्वस्थता या उत्तराशी चांगली जुळते. ‘येऊ द्या’ म्हटलेल्या सत्रांत प्रत्येक पूर्ण जांभईनंतर ऊर्मी ओसरण्याची संधी होती. ‘आवरा’ म्हटलेल्या सत्रांत ती संधीच नव्हती.

तिसरे उत्तर मेंदूतील जागांच्या आधारे दिले जाते. डोळ्यांची उघडझाप रोखून धरायला लावून २००९ आणि २०१२ मध्ये केलेल्या मेंदूचित्रणांत, ऊर्मी चढत जाते तशी इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागांतील सक्रियता ठळक झालेली दिसली. इन्सुला शरीराच्या आतल्या संवेदनांचा हिशेब ठेवते, तर सिंग्युलेटचा मधला भाग त्या संवेदनेला कृतीशी जोडतो. त्याआधी, १९९१ मध्ये, अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांच्या मेंदूला विद्युत उत्तेजन देऊन केलेल्या तपासणीत फ्रीड आणि सहकाऱ्यांना आढळले होते की सप्लिमेंटरी मोटर एरिया या भागाला सौम्य प्रवाह दिला की काही रुग्णांना विशिष्ट अवयव हलवण्याची ऊर्मी वाटते, आणि प्रवाह वाढवला की काही ठिकाणी तो अवयव प्रत्यक्ष हलतो. स्टीफन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या साऱ्या पुराव्यांना एकत्र गुंफून, ऊर्मीचे जाळे आणि हालचाल प्रत्यक्ष घडवणारे जाळे हे एकमेकांना लागून असले तरी वेगळे आहेत, अशी मांडणी केली होती. जांभईचा प्रयोग त्याच विचाराच्या ओघात पुढे आला.

माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, आणि तिसरे उत्तर त्याचा विरोधी पक्ष नसून त्याचेच मेंदूतील ठिकाण दाखवते असे मला वाटते. केवळ लक्षामुळे ऊर्मी वाढत असती, तर आवरण्याच्या सत्रांत जांभई पूर्णपणे दिली गेली तरी पुढची ऊर्मी चढीच राहिली पाहिजे. साचण्यामुळे वाढत असेल, तर त्या एका जांभईनंतर ती खाली आली पाहिजे. सतत नोंदवलेल्या ऊर्मीचा आलेख आणि चित्रीकरणातील जांभयांच्या वेळा शेजारी ठेवून हा भेद तपासता येण्याजोगा आहे.

टुरेट सिंड्रोमशी असलेला संबंध

नॉटिंगहॅमच्या गटाला जांभईपेक्षा खरी आस्था होती ती टुरेट सिंड्रोमविषयी. जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये पॅरिसमध्ये नऊ रुग्णांचे वर्णन केले. त्यांत डोळे मिचकावणे, मान झटकणे, अचानक आवाज काढणे यांसारख्या टिक, म्हणजे इच्छेविना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली वा आवाज, होत्या आणि इतरांचे शब्द वा हालचाली आपोआप पुन्हा करणेही होते. हे आपोआप होणारे अनुकरण टुरेटप्रमाणेच अपस्मार, स्मृतिभ्रंश आणि स्वमग्नता यांतही दिसते, आणि पाहून येणारी जांभई हे त्याचेच सर्वांत सर्वसाधारण, निरोगी रूप मानता येते. उत्तेजनक्षमता जास्त आणि निरोध कमी, ही ठेवण या विकारांमध्येही सुचवली गेली आहे.

टिक असलेल्या बहुतेक मोठ्या मुलांना आणि प्रौढांना टिकपूर्वी ऊर्मी जाणवते: मानेत ताण, घशात खवखव, काहीतरी ‘बरोबर बसलेले नाही’ अशी भावना. टिक होऊन गेली की ती थोडा वेळ ओसरते. २००६ मधील एका मेंदूचित्रणात टिक सुरू होण्याच्या अगोदर इन्सुला, सिंग्युलेट आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया हे भाग सक्रिय झालेले दिसले. उघडझाप रोखण्याच्या प्रयोगांतील भागांशी हे साम्य दुर्लक्षिण्यासारखे नाही.

तरीही जांभईवरून टिकविषयी सरसकट निष्कर्ष काढू नये. जांभईचा उद्दीपक बाहेर असतो, तर टिकचा बहुधा आत. जांभई आपला ठरलेला क्रम पूर्ण करते आणि थांबते, टिक पुन्हा पुन्हा येते. आणि एक फरक तर व्यवहाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. आवरल्याने ऊर्मी वाढते, त्याअर्थी टिक आवरणाऱ्या मुलाला नंतर त्या दुप्पट जोराने येतील, अशी भीती पालकांनाच नव्हे तर काही चिकित्सकांनाही वाटत आलेली आहे. मुलांना टिक न होऊ दिल्याबद्दल छोटी बक्षिसे देऊन केलेल्या नियंत्रित प्रयोगांत आवरण्यानंतरची अशी उसळी आढळली नाही. आवरण्याच्या काळात अस्वस्थता असते, पण तिची थकबाकी नंतर व्याजासह वसूल होते असे नाही.

उपचारपद्धतींनीही केवळ ‘आवर’ हा आदेश टाळलेला आहे. नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवय पालटण्याच्या पद्धतीत, रुग्णाला ऊर्मी लवकर ओळखायला शिकवतात आणि ती जाणवताच टिकशी न जुळणारी दुसरी हालचाल करायला लावतात. मान झटकण्याची ऊर्मी आली तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हळुवार ताणून धरणे, ऊर्मी ओसरेपर्यंत. तिच्यावर आधारलेल्या वर्तनोपचाराची चाचणी अमेरिकेत ९ ते १७ वर्षे वयाच्या १२६ मुलांवर झाली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दहा आठवड्यांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ माहिती व आधार मिळालेल्या गटात हे प्रमाण १८.५ टक्के होते. जांभईच्या प्रयोगाच्या प्रकाशात या पद्धतीचे वेगळेपण चांगले उठून दिसते. ती शेवटच्या टप्प्यावर स्नायू नुसते रोखून धरायला सांगत नाही. ती ऊर्मीला खूण मानते, इच्छेच्या वाटेने एक पूर्ण करता येणारी कृती पुरवते, आणि ऊर्मीला कृतीविना ओसरण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा मिळू देते. वर्गात एखाद्या मुलाला शिक्षकांनी ‘हे बंद कर’ म्हणणे आणि प्रशिक्षित चिकित्सकाने ही पद्धत शिकवणे, या दोन्हींना ‘टिक आवरणे’ असेच म्हटले जाते, पण मेंदूकडे केलेल्या या दोन सर्वस्वी वेगळ्या मागण्या आहेत.

दुसरी दिशा उत्तेजनक्षमतेलाच हात घालण्याची. नॉटिंगहॅमच्याच संशोधकांनी २०२० मध्ये मनगटातील मीडियन नर्व्ह या मज्जातंतूला ठरावीक लयीत सौम्य विद्युत उत्तेजन देऊन पाहिले. मेंदूतील हालचालींच्या भागात विश्रांतीच्या वेळी जी लय असते, तिच्याशी जुळणारी ही लय होती, आणि तिच्यामुळे तो भाग त्या लयीत येतो असे विद्युतआलेखातून दिसले. उत्तेजन चालू असताना टुरेट असलेल्या व्यक्तींमधील टिकची संख्या व तीव्रता घटली. त्यानंतर घरी वापरता येईल अशा मनगटावरील उपकरणाची चाचणीही झाली. मनगटाच्या चाचणीतील ज्या निरीक्षणाकडे मी जांभईच्या प्रयोगामुळे विशेष लक्ष दिले, ते ऊर्मीविषयीचे होते: ‘आवरा’ या सूचनेने जांभयांचे केवळ रूप बदलून ऊर्मी चढली होती, तर येथे, कोणालाही काही आवरायला न सांगता, टिकबरोबर टिकची ऊर्मीही उतरली.